स्वरांचे पत्ते

वर्गात पत्ते सापडले की ते जप्त करावयाचे, हा शिक्षकांचा जुना परिपाठ आहे. आम्हीही तो पाळीत आलो आहो. अशा स्थितीत शाळेच्या वार्षिकात शिक्षकानेच पत्त्यांवर लेख लिहावा, हे पाहून पालकांच्या भुवया उंचावल्या तर नवल नाही. तथापि गेली काही वर्षे आमच्या टेबलाच्या खणात पत्त्यांचे सहा जोड असतात आणि गायनाच्या तासाला ते आम्ही स्वतःच्या हाताने मुलांस वाटतो. या पत्त्यांवर बदामही नाही आणि इस्पिकही नाही. त्यांवर सा, रे, ग, म, प, ध, नि हे सात स्वर आपापल्या खुणांसह लिहिलेले आहेत. मुलांना स्वरलिपी वाचता यावी यासाठी हा सारा खटाटोप. तो कसा केला, त्यात आमच्या चुका कोणत्या झाल्या आणि त्यापासून काय साधले, हे यथामति सांगण्याचा येथे विचार आहे. वाचकांना घरीही हा प्रयोग करता येईल. त्याला पैसे जवळजवळ लागत नाहीत.

प्रथम एका शंकेचे निरसन केले पाहिजे. “गाणे कानाने शिकावयाचे असते, कागदावरून नव्हे,” असे जाणती माणसे सांगतात आणि ते खरे आहे. याच गोमंतकात जन्मलेल्या केसरबाई केरकर किंवा मोगूबाई कुर्डीकर या थोर गायिका पुस्तकातून गाणे शिकल्या नाहीत. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसून, तेच पलटे शेकडो वेळा घोकून त्यांनी विद्या मिळविली. पण ज्या मुलाच्या वाट्याला आठवड्यातून गायनाचा एकच तास येतो, त्याने काय करावे? सोमवारी शिकलेली ओळ पुढच्या सोमवारपर्यंत कानात टिकत नाही. मुलाला लिहिता-वाचता आले नसते तर पाठ्यपुस्तकातील कविता त्याने केवळ ऐकून किती लक्षात ठेवल्या असत्या, याचा विचार करावा. स्वरलिपी ही गुरूच्या जागी बसत नाही. ती दोन भेटींच्या मधल्या काळात स्मरणाला आधार देते.

हा आधार आपल्याला ज्यांनी दिला, त्यांचे येथे स्मरण करणे उचित होईल. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली गायनशाळा काढली आणि मुलांसाठी स्वरलिपीत पुस्तके तयार केली. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले व आपली निराळी स्वरलिपी रूढ केली. पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे व्यवसायाने वकील. परंतु त्यांनी देशभर हिंडून, निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांकडून चिजा मिळवून त्या लिहून काढल्या व ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत प्रसिद्ध केल्या. १९१८ साली ग्वाल्हेरला निघालेल्या माधव संगीत विद्यालयातही त्यांच्याच पद्धतीने शिक्षण सुरू झाले. एकेका घरात कुलूपबंद असलेले गाणे त्यामुळे सर्वांसाठी खुले झाले. आमचे पत्ते याच भातखंडे पद्धतीवर आधारलेले आहेत.

खुणा कोणत्या?

भातखंडे पद्धतीच्या मुख्य खुणा थोड्याच आहेत. शुद्ध स्वराला खूण नसते. रे, ग, ध आणि नि हे कोमल असतील तर अक्षराच्या खाली आडवी रेघ येते. म तीव्र असेल तर त्याच्या डोक्यावर उभी रेघ येते. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातील स्वराच्या खाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातील स्वराच्या वर टिंब, आणि मध्य सप्तकाला काहीच नाही. स्वराच्या पुढे आडवी रेघ असेल तर तोच स्वर आणखी एक मात्रा लांबवावयाचा. दोन किंवा अधिक स्वरांखाली अर्धचंद्र असेल तर ते सारे एकाच मात्रेत म्हणावयाचे. समेला फुली, खालीला शून्य आणि टाळ्यांना त्यांचे अंक.

एवढे फळ्यावर लिहावयाला दहा मिनिटे पुरतात. पण मुलांच्या डोळ्यांत ते बसावयाला वर्ष पुरत नाही, हा आमचा अनुभव. याचे कारण उघड आहे. रेघ अक्षराच्या खाली असली तर एक अर्थ, डोक्यावर असली तर दुसरा आणि पुढे असली तर तिसराच. टिंब वर असले तर तार आणि खाली असले तर मंद्र. मंद्र सप्तकातला कोमल निषाद लिहावयाचा तर खाली रेघही हवी आणि टिंबही हवे. त्यातून मुलाच्या घरी जुने पलुसकर पद्धतीचे पुस्तक असेल तर गोंधळ अधिकच. कारण त्या पद्धतीत मंद्र स्वराचे टिंब डोक्यावर असते आणि तार स्वरावर उभी रेघ असते. जी खूण एका पुस्तकात वर चढा म्हणते, तीच दुसऱ्या पुस्तकात खाली उतरा म्हणते! म्हणून पुस्तक उघडताच ते कोणत्या पद्धतीचे आहे, हे आधी पाहण्याची सवय लावून घ्यावी.

अशा बारीक खुणा झटकन ओळखण्याची सवय मुलांना दुसऱ्या एका ठिकाणी मात्र आपोआप लागलेली आम्ही पाहिली, आणि ते ठिकाण म्हणजे जप्त केलेले पत्ते. इस्पिक आणि किलवर यांतील फरक मुलाला कोणी घोकून घ्यावयाला लावीत नाही. हातात पाने आली, डाव जिंकावयाचा आहे, एवढे पुरते. तेव्हा मनात आले, की स्वरही असेच हाती का देऊ नयेत?

पत्ते कसे करावेत?

घरात येऊन पडलेल्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी यासाठी उत्तम. एका मापाची छत्तीस पाने कापावीत. एका सप्तकात सात शुद्ध, चार कोमल आणि एक तीव्र मिळून बारा स्वर असतात. मंद्र, मध्य आणि तार अशी तीन सप्तके धरली की बारा त्रिक छत्तीस. अक्षर काळ्या शाईने मोठे काढावे आणि खुणा ठळक कराव्यात. पान उलटे धरले तर वरचे टिंब खाली जाते, म्हणून तळाशी उजव्या कोपऱ्यात एक लहानशी चौकट काढून ठेवावी. ती कोपऱ्यात दिसली म्हणजे पान सुलटे.

आमची पहिली चूक येथेच झाली. पत्ते देखणे व्हावेत म्हणून आम्ही मंद्र स्वर निळ्या, मध्य काळ्या आणि तार तांबड्या शाईने लिहिले. मुले दोन दिवसांत तरबेज झाली आणि आम्हीही खूश झालो. पण पुस्तक उघडून तीच सप्तके वाचावयाला सांगताच सारे अडखळले. मुले टिंब वाचीतच नव्हती, ती रंग वाचीत होती! ते सगळे पत्ते रद्द करून आम्ही एकाच शाईचे नवे पत्ते केले. मुलाला जी खूण पुढे पुस्तकात भेटणार नाही, तिचा टेकू शिकवतानाही देऊ नये, हा धडा त्या दिवशी आम्हालाच मिळाला.

पत्त्यांची ही कल्पना आपल्या भागाला परकी नाही. शेजारच्या सावंतवाडीस गोल, लाखेचा लेप दिलेल्या गंजिफा हातांनी रंगविल्या जातात. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पाने, अशी एकशे वीस पाने असतात. भातखंड्यांनी रागांची वाटणी दहा थाटांत केली आणि सप्तकात स्वर बारा! हा केवळ योगायोग आहे, पण मुलांना तो सांगितला की दोन्ही गोष्टी त्यांच्या लक्षात राहतात.

डाव पहिला : मधला म

‘बदाम सात’ हा खेळ कोणाला ठाऊक नाही? सत्तीपासून सुरुवात करून एका बाजूस अठ्ठी, नव्वी आणि दुसऱ्या बाजूस छक्की, पंजी लावीत जावयाचे. आमचा पहिला डाव त्याच धर्तीचा आहे. छत्तीसांतून कोमल आणि तीव्र स्वर बाजूला काढावेत, म्हणजे तीन सप्तकांची एकवीस शुद्ध पाने राहतात. तिघांना सात सात पाने वाटावीत. सातांमध्ये म हा बरोबर मधला. त्याच्या अलीकडे तीन आणि पलीकडे तीन. त्याचे ‘मध्यम’ हे नाव मुलांना येथे डोळ्यांनी दिसते.

ज्याच्याजवळ मध्य सप्तकाचा म असेल त्याने तो मांडून डाव सुरू करावा. पुढच्याने त्याच्या अलीकडे ग किंवा पलीकडे प लावावा, अथवा मंद्र वा तार सप्तकाचा म मांडून नवी ओळ उघडावी. लावण्याजोगे पान नसेल तर ‘पास’ म्हणावे. ज्याची पाने आधी संपतील तो जिंकला. मंद्र सप्तकाची ओळ सर्वांत खाली, मध्याची तिच्यावर आणि ताराची सर्वांत वर मांडावी, म्हणजे स्वरांची चढण जमिनीवरच उभी राहते.

नियम एकच अधिक आहे. पान टाकताना तो स्वर गाऊन दाखवावयाचा. मंद्र सप्तकाचा खालचा भाग आणि तार सप्तकाचा वरचा भाग मुलांच्या गळ्यात बसत नाही. तेथे पेटीवर बोट ठेवून स्वर वाजवावा. गायलेला स्वर चुकला तर पेटी न्याय करील, पण पान परत घ्यावयाचे नाही आणि हसावयाचे तर मुळीच नाही.

हा शेवटचा नियम आम्ही फार कडकपणे पाळतो. आम्ही स्वतः पाचवीत असताना प्रार्थनेच्या वेळी एका शिक्षकांनी आम्हाला मागच्या रांगेत उभे केले आणि “तू नुसते ओठ हलव,” असे सांगितले. पुढे कित्येक वर्षे गाणे ही आपली वस्तू नव्हे, असे आम्ही धरून चाललो. ज्याचा गळा गोड नाही त्यालाही कान असतात आणि डोळेही असतात. स्वर वाचता येणे हा केवळ गाणाऱ्यांचा हक्क नव्हे.

डाव दुसरा : वर्ज्यचोर

हा ‘गुलामचोर’ खेळाचा भाऊ. यासाठी आणखी काही पाने करावी लागतात. त्यांवर पेटीच्या पट्ट्यांचे चित्र काढून एकच पट्टी काळी भरावी. सा कोणत्या पट्टीवर धरला, हे चित्रात खुणेने दाखवावे. आता स्वराचे पान आणि त्याच्या पट्टीचे पान मिळून जोडी झाली.

प्रथम भूप राग घ्यावा. त्यात सा, रे, ग, प, ध हे पाचच स्वर लागतात. म आणि नि वर्ज्य. मध्य आणि तार या दोन सप्तकांतले हे पाच स्वर व त्यांच्या पट्ट्या, अशी वीस पाने झाली. त्यांत मध्य सप्तकातले म आणि नि एकेकटे घालावेत. त्यांना जोडीदार नाही. बावीस पाने चौघांत वाटावीत. हातातल्या जोड्या प्रथम खाली टाकाव्यात आणि मग शेजाऱ्याच्या हातातले एकेक पान न पाहता ओढीत जावे. शेवटी ज्यांच्या हाती म आणि नि उरतील ते चोर. दोन्ही एकाच्याच हाती उरले तर तासाच्या अखेरीस पेटी पुसून ठेवण्याचे काम त्याचे.

दुसऱ्या आठवड्यात राग दुर्गा घ्यावा. तेथे ग आणि नि वर्ज्य, म्हणजे कालचा चोर म आज साव झाला. मालकंसात रे आणि प चोर, आणि ग, ध, नि हे तिन्ही कोमल होऊन घरात आले. “एका रागात चोर, दुसऱ्या रागात साव, हे कसे?” असे एका मुलाने विचारले. आम्ही उत्तर न देता पेटीवर भूप वाजविला आणि मध्येच म लावला. साऱ्या वर्गाने तोंड वाकडे केले. ‘वर्ज्य’ या शब्दाची व्याख्या त्यानंतर पाठ करावी लागली नाही.

डाव तिसरा : सहा मात्रांचे घर

स्वर ओळखता येऊ लागले तरी लय वाचणे निराळे. येथे मुले एक ठराविक चूक करतात : ती मात्रा न मोजता अक्षरे मोजतात. यासाठी मात्रांची पाने करावीत. प्रत्येक पान एका मात्रेचे. काहींवर एकच स्वर, काहींवर अर्धचंद्रात दोन स्वर आणि काहींवर नुसती लांबणीची रेघ.

दादरा तालाच्या मात्रा सहा. तीन आणि तीन असे त्याचे दोन विभाग. रमीत पाने जमवितात त्याप्रमाणे प्रत्येकाने एक पान उचलावे, एक टाकावे आणि सहा मात्रांचे घर पुरे करावे. रेघ घराच्या आरंभी येऊ नये, कारण लांबवावयाला आधी स्वर हवा. समजा कोणी असे घर मांडले : सा, रेघ, रे, मग अर्धचंद्रात ग-म, त्यानंतर प, रेघ. यात स्वर पाच आहेत, परंतु मात्रा सहा. सा दोन मात्रा, रे एक, ग-म मिळून एक, प दोन. घर मांडणाऱ्याने ते टाळी देत म्हणून दाखविले तरच डाव मान्य. दादरा जमला की आठ मात्रांचा केरवा आणि त्यानंतर सोळा मात्रांचा त्रिताल घ्यावा.

शेजारघरची लिपी

आमच्या गोव्यात स्वर वाचणारी आणखी एक परंपरा आहे. पोर्तुगीज राजवटीत चर्चच्या शाळांतून मुलांना पाच रेघांची पाश्चात्त्य स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. त्या लिपीचा पाया अकराव्या शतकात इटलीतील अरेझ्झो येथील ग्विदो या साधूने घातला. मुलांना स्वर लक्षात राहावेत म्हणून हाताच्या बोटांच्या पेरांवर स्वर कल्पून शिकविण्याची रीत त्याच्या नावाने ओळखली जाते. पत्त्यांच्या आधी हात होता तर! या शिक्षणाचे मोल किती, हे पुढे मुंबईत दिसले. चित्रपटांच्या वाद्यवृंदांत लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजविणारे अनेक वादक गोव्याचे होते. माजोर्डे गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांपैकी एक. संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) या चित्रपटातील सर्वांच्या तोंडी असलेले नाव शिष्याने गुरूला वाहिलेली आदरांजली आहे.

दोन्ही लिपींत एक भेद लक्षात ठेवावा. गोव्यात रुजलेल्या त्या रीतीत ‘दो’ हा ठरलेला एकच सूर असतो. आपला सा मात्र गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे कोणत्याही पट्टीवर बसतो. आमच्या वर्गात दोन्ही घरांतली मुले आहेत. ती एकमेकांचे पत्ते उलगडून सांगू लागली, तेव्हा तासाची घंटा झालेली कोणाच्या ध्यानात आली नाही.

आजीचे गाणे

हा सर्व खेळ शेवटी कशासाठी, हे एका प्रसंगाने आम्हाला स्पष्ट झाले. नववीतली एक मुलगी गाण्याच्या तासाला कधी तोंड उघडीत नसे. पत्त्यांत मात्र ती सहसा हरत नसे. पौष महिन्यात गावोगाव मांडावर धालो होतात, तेव्हा तिची आजी पूर्वी पुढे होऊन गाणी म्हणत असे. आता गुडघ्यांमुळे आजींचे मांडावर जाणे बंद झाले होते, आणि त्यांतले एक गाणे वाड्यावर त्यांच्याशिवाय दोघीतिघींनाच येत होते. मुलीने घरी ओसरीवर पत्ते पसरले आणि आजींना म्हणाली, “आजी, हळू म्हण. मी पाने लावते.”

पहिली अडचण सा शोधण्याची. आजींचा सूर कोणत्याच पट्टीशी जुळेना. मुलीने युक्ती केली. ओळ संपताना आजी जेथे विसावत, तो सूर तिने सा धरला. मग एकेक पान मांडीत गेली. सारे गाणे चारच स्वरांचे निघाले. तिसऱ्यांदा म्हणताना आजींनी दुसरी ओळ निराळी म्हटली. धाकटा भाऊ ओरडला, “आजी चुकली!” मुलीने ती ओळही खाली वेगळी मांडली आणि दोन्ही वहीत उतरवून शाळेत आणल्या. यांतली खरी कोणती, असे तिने आम्हाला विचारले. आम्ही म्हटले, “दोन्ही. कागदावर उतरते ते एका वेळचे गाणे. आजींजवळ अशी पुष्कळ आहेत.”

पुढे वर्गाने ते गाणे वहीवरून बसविले आणि चार मुली आजींना ऐकवावयाला गेल्या. आजींनी शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाल्या, “सगळे बरोबर आहे गो. पण येथे आवाज सरळ चढत नाही, घसरत जातो,” आणि त्यांनी म्हणून दाखविले. आमच्या पत्त्यांत घसरणीची खूणच नव्हती! भातखंडे पद्धतीत ती आहे. दोन स्वरांच्या डोक्यावरून जाणारी कमान, म्हणजे मींड. तो पत्ता आम्ही दुसऱ्या दिवशी केला. यंदाच्या पौषात ती मुलगी मांडावर गेली आणि तिने गायिले. आवाज बारीक होता, पण ओळ चुकली नाही.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी ओवी, फुगडीचे गाणे, आरतीची जुनी चाल किंवा अंगाई कोणाला तरी येत असेल. ती माणसे रोज भेटतात, म्हणून त्यांचे गाणेही सदैव राहील असे आपल्याला वाटते. या सुट्टीत छत्तीस पाने कापा. आठपंधरा दिवस भावंडांबरोबर मनसोक्त खेळा. मग एखाद्या संध्याकाळी आजीजवळ किंवा आत्याजवळ बसा, तिला हळू म्हणावयाला सांगा आणि पाने मांडू लागा. वहीवर गाण्याचे नाव, म्हणणाऱ्याचे नाव आणि तारीख घालण्यास विसरू नका. शाळा उघडल्यावर त्या वह्या घेऊन या. आम्ही पेटी पुसून ठेवतो.